मोह वेचणारी आजी आणि आमचा सात मिनिटांचा माहितीपट

गेल्या मार्चमध्ये जव्हार तालुक्यातील आमच्या वसतिगृहातील नववीच्या सहा विद्यार्थ्यांनी एक छोटा माहितीपट तयार केला. मी त्यांचा मार्गदर्शक होतो, पण शिकण्याची गरज मलाच अधिक होती. काय चुकले आणि ते कसे सुधारले, ते येथे सांगतो.

विषय मीच ठरवला होता: मोह आणि दारू. मुले गप्प राहिली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या घरी मोह खातात. असा पिक्चर दाखवला तर लोक आम्हाला दारुडेच समजतील." दारूचा प्रश्न खोटा नाही, पण मी मोहाचे झाड तेवढ्यापुरतेच पाहत होतो. आम्ही विषय बदलला आणि मोह वेचणारी तिची आजी निवडली.

मोहाची फुले पहाटे गळतात आणि हंगाम काही आठवड्यांचाच असतो. तो चुकला तर वर्षभर थांबावे लागते. आमच्याकडे दोन मोबाइल आणि एक ट्रायपॉड होता. पहिल्या दिवसाचे चित्रीकरण संध्याकाळी पाहिले आणि सगळ्यांचे चेहरे उतरले.

पहिली चूक उजेडाची. आजीच्या मागे सूर्य होता. मोबाइल उजळ आकाशाप्रमाणे उजेड कमी करतो, म्हणून तिचा चेहरा काळा पडला. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजू बदलली आणि सूर्य आमच्या पाठीशी ठेवला.

दुसरी चूक आवाजाची. मोबाइल दूर होता, त्यामुळे आजीच्या बोलण्यापेक्षा वाराच जास्त ऐकू आला. मग दुसरा मोबाइल पातळ कापडात गुंडाळून तिच्या जवळ ठेवला आणि त्यावर फक्त आवाज घेतला. कोणीही न बोलता रानाचा एक मिनिट आवाजही घेतला. संकलनात दोन वाक्यांमधली पोकळी त्याने भरता येते. त्यातच वाळलेल्या पानांवर फूल पडल्याचा टप् असा आवाज सापडला. आमचा माहितीपट त्यानेच सुरू होतो.

तिसरी चूक घाईची. कॅमेरा सतत हलत होता. आम्ही नियम केला की प्रत्येक दृश्य दहा सेकंद स्थिर धरायचे. तेच काम तीनदा टिपायचे: दुरून झाड, मधल्या अंतरावरून आजी, जवळून तिचे हात. अशी दृश्ये जोडली की तासभराचे वेचणे वीस सेकंदांत समजते.

आमच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी रोपाची वाढ दाखवणारा छोटा चित्रपट केला होता. थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपून त्यांनी तो बनवला. हे ऐकून मुलांनी अंगणात वाळत घातलेल्या फुलांचा दर अर्ध्या तासाने फोटो काढला. पिवळसर पांढरी फुले तपकिरी होताना पडद्यावर दिसली.

चौथी चूक यंत्राची नव्हती. आजीच्या वारली बोलीवर मी शुद्ध मराठीत माझे निवेदन चढवले होते. अंगणात लॅपटॉपवर ते पाहून आजीने विचारले, "हात माझे आहेत, मग बोलतंय कोण?" मला उत्तर देता आले नाही.

माझा आवाज आम्ही काढून टाकला आणि खाली मराठी ओळी दिल्या. 'लांबतंय' म्हणून मी कापलेला भाग परत घेतला. त्यात आजी सांगते की पावसाळ्यात घरातले धान्य संपले की वाळवलेला मोह शिजवून मुलांना खाऊ घालत असू. माहितीपटातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तो माझ्या हातून जाणार होता.

इतरांना दाखवू का, हेही आम्ही शेवटी विचारले; खरे तर ते आधी विचारायला हवे होते. घराच्या आतले दृश्य नको, एवढेच ती म्हणाली. ते काढले.

आपल्या मंडळीत हा माहितीपट दाखवायचा असल्यास जरूर कळवा. सोबत दोन विद्यार्थी येतील. प्रश्न मला नाही, त्यांनाच विचारा.