ॲनिमेशनमध्ये ० टाकला की गडबड का होते? शून्य आणि रिकामा बॉक्स यांत फरक आहे

हिंगोली जिल्ह्यातला वारंगा फाटा. अकोल्याहून हिंगोलीमार्गे नांदेडला जाणारा रस्ता आणि यवतमाळ-उमरखेडकडून येणारा रस्ता इथे एकमेकांना मिळतात. समजा, या फाट्यावर थांबणाऱ्या लालपरीचं १० सेकंदांचं ॲनिमेशन एखाद्याला रीलसाठी करायचं आहे. डावीकडून, म्हणजे हिंगोलीच्या बाजूने एसटी येणार, फाट्यावर थांबणार आणि उजवीकडे नांदेडला निघून जाणार.

सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं छोट्या-छोट्या बॉक्समध्ये आकडे भरून सांगावं लागतं. फाट्याची जागा ० धरली, तर हिंगोलीची बाजू उणे आणि नांदेडची अधिक. पाचव्या सेकंदाला एसटीची जागा ०, वेगही ०. म्हणजे इथे शून्य हे पक्कं उत्तर आहे: गाडी फाट्यावर उभी आहे. बॉक्स रिकामा असेल तर त्याचा अर्थ वेगळा, तो म्हणजे अजून काही सांगितलेलंच नाही.

गल्लत होते ती इथेच. वेबवरची बरीच ॲनिमेशन टूल्स जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असतात. या भाषेत ‘बॉक्समध्ये काही आहे का?’ असं ढोबळपणे विचारलं, तर ० आणि रिकामी जागा दोघांनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळतं. मग ‘काही नसेल तर नेहमीची किंमत वापर’ हा नियम शून्यालाही लागतो आणि युजरने मुद्दाम टाकलेला ० गुपचूप बदलला जातो. उलटही होतं. रिकामी जागा आकड्यात बदलायला सांगितली की हीच भाषा ० देते, म्हणजे जागा न ठरलेली गाडीही थेट फाट्यावर. २०२० मध्ये या भाषेत दोन प्रश्नचिन्हांची एक खूण आली. ती फक्त खरोखर न दिलेली किंमत बदलते, शून्याला हात लावत नाही.

हे फक्त रीलपुरतं नाही. स्क्रीनवरच्या हालचालीने अनेकांना चक्कर येते, मळमळतं. अशा माणसासाठी ॲनिमेशनचा वेळ ० ठेवायचा असतो. तो ० ‘रिकामा’ समजून सॉफ्टवेअरने परत ३०० मिलिसेकंद केला, तर त्रास त्या माणसाला होतो आणि कारणही कळत नाही.

मग प्रत्येक ० मुकाट्याने घ्यायचा का? तसंही नाही. एका सेकंदात ० फ्रेम म्हटलं, तर एक फ्रेम किती वेळ दिसणार? १ भागिले ०. या प्रश्नाशी भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच झुंज घेतली होती. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती सापडते. शून्याने भागलेल्या राशीला ‘बीजगणित’ ग्रंथात त्यांनी ‘खहर’ म्हटलं आणि ती अनंत मानली. आजचे कॉम्प्युटरही दशांश आकड्यांच्या हिशोबात १ भागिले ० चं उत्तर सहसा ‘इन्फिनिटी’ देतात. गणिताला ते चालेल, पण रील काही अनंतात एक्सपोर्ट होत नाही. अशा बॉक्सने ० नाकारावा आणि का नाकारला ते तिथेच एका ओळीत सांगावं.

न सांगता बदलल्याचं उदाहरण रोज व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जिफचं. जिफ फाइलमध्ये फ्रेममधलं अंतर ० ठेवलं, की ती सगळ्यात वेगाने पळेल असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक ब्राउझर त्याचं ०.१ सेकंद करतात. गंमत म्हणजे त्याच फाइलमध्ये ‘किती वेळा फिरवायचं’ या जागी ० असेल, तर अर्थ होतो अखंड! अशा ठिकाणी युजरसमोर ० न दाखवता सरळ ‘अखंड’ असा पर्याय द्यावा.

आकार ० हा प्रकार जास्त नाजूक. ब्लेंडरमध्ये एसटीचे सगळे बिंदू निवडून एडिट मोडमध्ये स्केल ० केलं, तर अख्खी गाडी एका ठिपक्यात जाते. नंतर १०० ने गुणलं तरी ती परत येत नाही, कारण शून्याला कशानेही गुणा, शून्यच. तिथे फक्त अनडू कामाला येतं. तरीही ० वर बंदी घालणं चूक ठरेल, कारण एकाच दिशेला ० देऊन पृष्ठभाग सपाट करणं ही कलाकारांची रोजची युक्ती आहे.

आणखी एक चीड आणणारी गोष्ट टायपिंगची. ०.५ लिहायचं तर आधी ० लिहावाच लागतो. काही बॉक्स प्रत्येक बटणाला तपासणी करतात. ० दिसला की लगेच त्याचा १ करतात, आणि युजर पुढे टाइप करत राहिला की १.५ होऊन बसतं. तपासणी एंटर दाबल्यावर किंवा बॉक्स सोडल्यावर करावी, एवढंच.

मराठी कीबोर्डवरून टाकलेला देवनागरी शून्य तर वेगळाच विषय. पायथनला तो मजकुरातून आकड्यात नीट बदलता येतो. जावास्क्रिप्ट मात्र त्याच शून्याला ‘हा आकडाच नाही’ म्हणून परत पाठवते.