वरच्या मजल्यावरची जागा

आमच्या सांगलीच्या घरी रशियाहून गुळगुळीत कागदाचं एक मासिक यायचं. बाबांचं वाचून झालं की आई त्याच्या पानांची कव्हरं आमच्या वह्यांना घालायची. १९७६ साली, मी पाचवीत असताना, माझ्या भूगोलाच्या वहीवर माया प्लिसेत्स्काया आली. मरणाऱ्या हंसाच्या भूमिकेत, जमिनीवर वाकलेली, मागे नेलेले दोन्ही हात पाण्यासारखे. वर्षभरात कव्हराचे कोपरे फाटले, शाई सांडली, पण मी ते बदलू दिलं नाही.

दुपारी घर झोपलं की मी ओट्याला धरून अंगठ्यांच्या टोकांवर उभी राहायचे. शाळेच्या बुटांत चिंध्या कोंबलेल्या. नर्तकीच्या बुटात लाकूड असतं अशी माझी पक्की समजूत होती. लाकूड नसतंच, कापड आणि कागदाचे खळीनं चिकटवलेले थर वाळून टणक होतात, वरून साटीन. हे कळायला फार वर्षं जायची होती. तोवर माझ्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून गेलं.

सांगलीत बॅले कोण शिकवणार? तेव्हा आपल्याकडे बॅले म्हटलं की सचिन शंकर यांची मुंबईतली नृत्यनाट्यं आठवायची, आणि तीही आम्ही फक्त पेपरात वाचलेली. मला भरतनाट्यमला घातलं. आठ वर्षं मी ते मनापासून शिकले. पण बाराव्या वर्षी कुठेतरी वाचलं, लेनिनग्राडच्या शाळेत मुली दहाव्या वर्षी दाखल होतात. त्या रात्री मी जेवले नाही. का, ते कुणाला सांगताही येईना.

१९९४ मध्ये लग्नानंतर लंडनला आले आणि दुसऱ्याच महिन्यात मोठ्या माणसांसाठीच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. आठ वर्षांची अरमंडीची अर्धी बैठक मांड्यांत मुरलेली. भरतनाट्यममध्ये अंगाचा भार खाली उतरतो, पाऊल जमिनीला थाप देतं. इथे गुडघा वाकायचा तोही वर जाण्यासाठी, आणि उडी मारून खाली आलं तरी आवाज होता कामा नये. माझा व्हायचा. पाय बाहेर वळवायचा तो खुब्यातून; मी गुडघ्यातून ओढून न्यायचे. तीन वर्षांनी बाईंना विचारलं, टोकाचे बूट कधी? त्यांनी खाली बसून माझा घोटा दोन्ही हातांत धरला, हळूच वळवून पाहिला आणि म्हणाल्या, "नाही. हे घोटे मी मोडू देणार नाही."

घरी येऊन खूप रडले. नवऱ्यानं काही न विचारता चहा पुढे ठेवला. त्या वर्गाला मी पुन्हा गेले नाही आणि नंतर दोन वर्षं बॅले पाहिलाही नाही. त्याआधी जे पाहिलं होतं, ते तरी कुठे पाहिलं होतं? मुख्य नर्तकीच्या पावलांवरून माझी नजर हलायची नाही. मनात सतत मोजमाप चाललेलं, हे मला आलं असतं, हे नसतं.

मग कॉव्हेंट गार्डनच्या ऑपेरा हाउसमध्ये अगदी वरच्या मजल्यावरची स्वस्त तिकिटं काढायला लागले. १९२३ साली याच रंगमंचावर आना पावलोवा आणि उदय शंकर राधा-कृष्ण झाले होते. मरणारा हंस मुळात बांधला गेला तो या पावलोवासाठीच. वरून चेहरे नीट दिसत नाहीत. दिसतात जमिनीवरच्या आकृत्या, रांगा जुळतात, फुटतात, पुन्हा जुळतात. मागच्या रांगेतल्या मुलींकडे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

२०१८ च्या नोव्हेंबरात 'ला बायादेर' पाहिला. पेतिपानं तो १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला बसवला. देवळातली नर्तकी निकिया आणि योद्धा सोलोर यांची कथा. त्यातला भारत खोटा आहे, आणि आठ वर्षं अरमंडीत बसलेल्या मला तो खटकतोच. पण निकियाच्या मृत्यूनंतर सोलोर अफू ओढतो आणि स्वप्नात छाया उतरू लागतात. अंधाऱ्या उतारावरून पांढऱ्या पोशाखात एक मुलगी येते, एका पायावर तोलून दुसरा मागे उचलते, मग मागे झुकते, दोन पावलं पुढे. तिच्यामागे दुसरी, तिसरी, अशा चोवीस. सगळ्यांची हालचाल तीच. जी आधी आली, तिला ती सगळ्यात जास्त वेळा करावी लागते. आणि उतारावर, एका पायावर!

सातवी की आठवी असेल. तिचा टेकलेला घोटा किंचित थरथरला. माझ्या बुटात माझी बोटं आपोआप जमिनीला घट्ट धरून बसली, जणू तिला माझा आधार मिळणार होता. तिनं तोल सावरला, पाय खाली आणला, पुढे सरकली. नाट्यगृहात कुणी खोकत नव्हतं. मऊ टपटप तेवढी वरपर्यंत येत होती.

शेवटी सगळ्या ओळीनं वाकल्या. मी तिला शोधत होते, पण चोवीस जणी सारख्याच दिसत होत्या, म्हणून तळवे लाल होईपर्यंत सगळ्यांसाठी टाळ्या वाजवत राहिले.