हौशी रेडिओ-उपग्रह : चालू कोणता, मूक कोणता?

कारखान्यातील यंत्र बंद पडले, तर कारागीर त्याच्यापाशी जातो व ते उघडून पाहतो. समुद्रातील दीपस्तंभ विझला, तर होडीने तेथवर पोचता येते. पृथ्वीभोवती शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या लहान कृत्रिम उपग्रहाच्या बाबतीत ही सोय नसते. तो चालू आहे की बंद, त्याच्या घटमालेत शक्ती उरली आहे की नाही, हे त्याच्याकडून येणाऱ्या क्षीण रेडिओ-लहरींवरूनच ओळखावे लागते. मोठ्या शासकीय उपग्रहांसाठी हे काम खास भू-केंद्रे करतात. हौशी रेडिओ-चालकांच्या उपग्रहांसाठी ते मुख्यत्वे जगभर विखुरलेली सामान्य माणसे आपापल्या घरी बसून करतात. उपग्रहाची कार्यस्थिती ते कशी ठरवितात, आणि ‘अमुक उपग्रह मृत झाला’ असे म्हणताना किती सावधगिरी बाळगावी लागते, याचे विवेचन येथे केले आहे.

पहिला हौशी उपग्रह

परीक्षा देऊन शासनाचा परवाना मिळविलेली आणि धनलाभाचा हेतू न ठेवता बिनतारी संदेशांची देवघेव करणारी व्यक्ती म्हणजे हौशी रेडिओ-चालक होय. अशा व्यक्तीस ‘हॅम’ हे नाव रूढ झाले आहे. प्रत्येकास एक संकेतनाव मिळते. भारतातील चालकांची संकेतनावे सामान्यतः ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा पहिला स्पुटनिक आकाशात गेला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ रोजी, कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींनी तयार केलेला ‘ऑस्कर-१’ हा उपग्रह कक्षेत पोचला. एका मोठ्या उपग्रहासोबत अग्निबाणावर तोल सांभाळण्यासाठी जे वजन ठेवावे लागे, त्याच्या जागी हा सुमारे साडेचार किलोग्रॅमचा डबा बसविण्यात आला होता. तो मोर्स लिपीत ‘हाय’ या शब्दाची दोनच अक्षरे, म्हणजे चार टिंबे व पुन्हा दोन टिंबे, सतत उच्चारीत असे. मात्र उपग्रहाच्या आतील तापमानानुसार या टिंबांची गती बदलेल, अशी योजना त्यात केलेली होती. त्यामुळे हाती साधे घड्याळ असलेल्या श्रोत्यासही ठराविक काळात किती वेळा ‘हाय’ ऐकू आले हे मोजून त्या डब्याचे तापमान काढता येई. त्यात सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारी तबके नव्हती. घटांतील शक्ती संपताच, सुमारे २२ दिवसांनी, तो मूक झाला. तेवढ्या अवधीत २८ देशांतील ५७० हून अधिक श्रोत्यांनी आपली निरीक्षणे कळविली होती. ३१ जानेवारी १९६२ रोजी तो वातावरणात शिरून नष्ट झाला.

अशा रीतीने हौशी उपग्रहांच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर एक रूढी पडली. उपग्रहाने आपली प्रकृती स्वतः सांगावी आणि ज्याला ती ऐकू येईल त्याने ती इतरांस कळवावी, ही ती रूढी होय. दूर अंतरावरील वस्तूची मापे रेडिओने मिळविण्याच्या या पद्धतीस ‘दूरमापन’ म्हणतात.

मार्च १९६५ मध्ये सोडलेल्या ऑस्कर-३ ने पुढची पायरी गाठली. जमिनीवरून आलेले संदेश ग्रहण करून, त्यांची शक्ती वाढवून, ते दुसऱ्या कंपनसंख्येवर परत पाठविणारे यंत्र त्यात होते. या यंत्रास ‘प्रतिप्रेषक’ म्हणता येईल. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन व्यक्ती अशा उपग्रहाच्या साहाय्याने परस्परांशी बोलू शकतात. अट एवढीच, की उपग्रह एकाच वेळी दोघांच्याही क्षितिजाच्या वर असला पाहिजे.

कार्यस्थितीचे प्रकार

‘चालू’ व ‘बंद’ हे दोनच शब्द उपग्रहाची स्थिती सांगण्यास पुरत नाहीत. व्यवहारात चार अवस्था निराळ्या मानाव्या लागतात. पहिल्या अवस्थेत प्रतिप्रेषक चालू असतो व उपग्रहातून संभाषण करता येते. दुसऱ्या अवस्थेत उपग्रहाचा ओळख-संकेत किंवा दूरमापनाचे आकडे ऐकू येतात, परंतु प्रतिप्रेषक बंद असतो. तिसऱ्या अवस्थेत उपग्रह केवळ काही काळ चालतो. १७ ऑगस्ट १९९६ रोजी कक्षेत गेलेला जपानचा ‘फुजी-ऑस्कर-२९’ हे याचे उदाहरण आहे. घटमाला दुर्बळ झाल्यानंतर त्याचे काम सूर्यप्रकाशावर अवलंबून राहिले. चौथी अवस्था ‘ऐकू आला नाही’ ही होय.

या चौथ्या अवस्थेस ‘बंद पडला’ असे न म्हणता ‘ऐकू आला नाही’ असे का म्हणावयाचे? कारण न ऐकू येण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांपैकी पुष्कळशी श्रोत्याच्या बाजूची असतात. सुमारे १४५० किलोमीटर उंचीवरील उपग्रह एका ठिकाणच्या क्षितिजावर एका फेरीत जास्तीत जास्त वीस-बावीस मिनिटे राहतो. सुमारे ६३० किलोमीटर उंचीवरील उपग्रह तर बारा-तेरा मिनिटांतच मावळतो. वेळेच्या गणितात थोडी चूक झाली, तर श्रोता रिकाम्या आकाशाकडे एरियल रोखून बसतो. या संदर्भात लक्षात ठेवावयास हवे, की सर्व नोंदी जागतिक प्रमाणवेळेनुसार केल्या जातात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. भारतात रात्रीचे ८ वाजलेले असताना जागतिक वेळ दुपारचे २ वाजून ३० मिनिटे असते.

दुसरे कारण डॉप्लर परिणामाचे आहे. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढा भासतो व गाडी पुढे निघून जाताच तो उतरतो. उपग्रहाच्या लहरींचेही तसेच होते. वर सांगितलेल्या १४५० किलोमीटर उंचीवरील उपग्रह १४५.९ मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर बोलत असेल, तर तो उगवताना सुमारे ३ किलोहर्ट्झ वर व मावळताना तितकाच खाली सापडतो. ग्राहक यंत्राचा काटा एकाच ठिकाणी स्थिर ठेवणाऱ्यास तो ऐकू येणारच नाही.

म्हणून एकाच श्रोत्याच्या नकाराला फारसे मोल नसते. निरनिराळ्या देशांतील अनेक श्रोत्यांनी, निरनिराळ्या वेळी, आपली यंत्रे तपासून दिलेला नकार एकत्र आला, म्हणजेच त्यास वजन प्राप्त होते. याउलट, एका विश्वसनीय श्रोत्याने ‘ऐकला’ असे सप्रमाण कळविले, की शंभर नकार मागे पडतात. हे केवळ तत्त्व म्हणून सांगितलेले नाही. ऑस्कर-७ च्या चरित्रात ते प्रत्यक्ष घडले आहे.

ऑस्कर-७ चे मौन व पुनरागमन

१५ नोव्हेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग येथून ऑस्कर-७ कक्षेत गेला. सुमारे २९ किलोग्रॅम वजनाच्या या उपग्रहाच्या बांधणीत अमेरिका, पश्चिम जर्मनी, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांतील हौशी मंडळींचा वाटा होता. त्यात दोन प्रतिप्रेषक होते. सौर तबके दिवसा वीज निर्माण करीत, आणि तिचा काही भाग निकेल-कॅडमियम घटमालेत साठवून उपग्रह पृथ्वीच्या छायेतही काम करी. सुमारे साडेसहा वर्षे त्याने उत्तम सेवा केली. १९८१ च्या मध्यास घटमालेत बिघाड होऊन तो मूक झाला आणि निकामी उपग्रहांच्या यादीत गेला.

घटमाला बिघडली तरी सौर तबके शाबूत होती. मग उपग्रह बंद का पडावा? गावाला पाणीपुरवठा करणाऱ्या टाकीचे उदाहरण घेतल्यास हे कोडे उलगडते. विहिरीतून पाणी टाकीत चढते व टाकीतून नळात उतरते. टाकीच्या तळाला भगदाड पडले, तर विहिरीत कितीही पाणी असले तरी नळ कोरडाच राहतो. घटमालेत ‘शॉर्ट सर्किट’ झाले म्हणजे असेच भगदाड पडते. सौर तबकांची वीज त्या वाटेने वाहून जाते व प्रेषक यंत्रापर्यंत पोचत नाही.

एकवीस वर्षे लोटली. २१ जून २००२ रोजी इंग्लंडमधील एका अनुभवी हौशी चालकाला १४५.९ मेगाहर्ट्झच्या आसपास संथ गतीची, जुन्या धाटणीची मोर्स लिपी ऐकू आली. प्रारंभी ‘हाय हाय’ आणि मागोमाग आकड्यांचे गट, असा तिचा क्रम होता. त्या काळच्या कोणत्याही चालू उपग्रहाशी तो जुळेना. लवकरच इतर श्रोत्यांनीही तो संकेत ऐकला, कक्षेचे गणित पडताळून पाहिले आणि बोलणारा ऑस्कर-७ च आहे, हे निश्चित झाले.

घटमालेतील बिघाडाचे स्वरूप बदलले होते. ज्या वाटेने वीज वाहून जात होती, ती वाटच तुटली होती. उपमेच्या भाषेत बोलावयाचे, तर भगदाड पडलेल्या टाकीकडे जाणारा मार्गच बंद झाला व विहिरीचे पाणी थेट नळात येऊ लागले. मात्र साठा करावयास टाकी उरली नाही. त्यामुळे ऑस्कर-७ वर ऊन असेतोवरच तो बोलतो. पृथ्वीच्या छायेत शिरताच तो बंद पडतो आणि प्रकाशात येताच पुन्हा सुरू होतो. दर वेळी जागा होताना दोन प्रतिप्रेषकांपैकी कोणता चालू होईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच ‘आज कोणता प्रतिप्रेषक चालू आहे’ ही नोंद त्याच्या बाबतीत विशेष मोलाची ठरते. २०२४ मध्ये त्याच्या उड्डाणास ५० वर्षे पूर्ण झाली, तेव्हाही त्यातून संभाषणे होत होती.

भारताचा हॅमसॅट

घटमालेच्या बिघाडाचा शेवट नेहमीच असा सुखाचा होत नाही. भारताच्या हॅमसॅटचा अनुभव निराळा आहे.

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी लाटांनी अंदमान व निकोबार बेटांची दळणवळणाची साधने तोडली. तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथे असलेल्या हौशी चालकांनी लघुलहरींच्या साहाय्याने बाहेरील जगाशी संपर्क राखला आणि लोकांचे निरोप पोचविले. त्यानंतर काही महिन्यांतच, ५ मे २००५ रोजी, भारतीय अवकाश संशोधन संस्थेने श्रीहरिकोटा येथून ‘कार्टोसॅट-१’ सोबत ‘हॅमसॅट’ कक्षेत सोडला. ४२.५ किलोग्रॅम वजनाच्या या उपग्रहाची योजना अर्थातच त्सुनामीच्या पूर्वीची होती. तथापि पूर-भूकंपासारख्या आपत्तींत स्वस्त व सुलभ संपर्कसाधन मिळावे, हा त्याच्या हेतूंपैकी एक होता. त्यातील एक प्रतिप्रेषक भारतात व दुसरा नेदरलँड्समधील एका हौशी चालकाने तयार केलेला होता. त्याचे नियोजित आयुष्य दोन वर्षांचे होते, परंतु त्याने नऊ वर्षे काम केले. जुलै २०१४ मध्ये लिथियम-आयन घटमाला निकामी झाल्याने तो पुन्हा चालू करता येईना व त्याचे कार्य समाप्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

संकटसमयी वापरावयाच्या साधनाची यादी अचूक असणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानी येईल. बंद पडलेला उपग्रह यादीत ‘चालू’ राहिला, तर आपद्‌ग्रस्ताची मोलाची मिनिटे वाया जातात. चालू असलेला उपग्रह ‘मृत’ म्हणून विसरला गेला, तर हाताशी असलेले साधन वापरलेच जात नाही.

श्रोत्याची जबाबदारी

आज जगभरचे श्रोते इंटरनेटवरील सामाईक तक्त्यात आपल्या नोंदी भरतात. चांगल्या नोंदीत पाच गोष्टी असाव्यात : उपग्रहाचे नाव, दिनांक, जागतिक वेळ, श्रोत्याचे स्थान आणि प्रत्यक्ष काय ऐकू आले. ‘प्रतिप्रेषक ऐकला’, ‘केवळ ओळख-संकेत ऐकला’ व ‘काहीच ऐकू आले नाही’ ही तिन्ही विधाने एकमेकांपासून वेगळी ठेवावीत. अंदाज लिहू नये. उपग्रह क्षितिजावर नसताना दिलेला नकार तर मुळीच लिहू नये.

परवानाधारक चालकावर आणखी एक बंधन येते. ऑस्कर-७ ला घटमालेचा आधार नाही. एखाद्याने गरजेपेक्षा अधिक शक्तीने संदेश पाठविला, तर उपग्रहाचे विद्युत्‌बल ढासळते, सर्वांचे आवाज थरथरू लागतात आणि दुर्बळ संकेत दबून जातात. म्हणून शक्य तितक्या कमी शक्तीने बोलणे, हा तेथील शिष्टाचार मानला जातो.

शाळांतील विज्ञान-मंडळांनाही या कामात भाग घेता येईल. संदेश पाठविण्यास परवाना लागतो. ऐकण्यासंबंधीचे प्रचलित नियम शिक्षकांनी आधी पाहून घ्यावेत. नंतर परिसरातील एखाद्या हौशी चालकाच्या मदतीने एक उपग्रह निवडून, महिनाभर त्याच्या फेऱ्यांची वही ठेवावी. तीत ‘ऐकू आला नाही’ अशा नोंदी पुष्कळ होतील. त्या खोडू नयेत. एकवीस वर्षे अशाच नोंदी ज्याच्या नावावर झाल्या असत्या, तो ऑस्कर-७ एके दिवशी पुन्हा ऐकू आला, तो कोणीतरी कान देऊन बसले होते म्हणूनच.