पॉवर टिलरचा पट्टा व थांबविण्याचा ब्रेक : खानदेशातील वापराच्या संदर्भात

कापसाच्या व्यापारामुळे खानदेशास यांत्रिक पट्ट्याची ओळख जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रांतात सरकी काढण्याचे कारखाने निघाले, तेव्हा एका लांब दंडावरून अनेक यंत्रांना गती देण्याचे काम रुंद, सपाट चामडी पट्टे करीत. पट्टा घसरू लागला की त्यावर राळ चोळावयाची, ही त्या काळची रीत. आज जळगाव व धुळे जिल्ह्यांत दोन चाकांचा पॉवर टिलर चालविणारा शेतकरी कधी कधी हीच रीत रबरी पट्ट्यावर चालवितो, आणि तेथेच नुकसानीस आरंभ होतो.

सपाट पट्टा आपल्या पृष्ठभागाने कप्पीस धरून राहतो. 'व्ही' आकाराचा पट्टा मात्र खोबणीत पाचरीप्रमाणे रुततो व दोन्ही कुशींनी भार वाहतो. खोबणीचा कोन साधारणतः ३४ ते ३८ अंश असल्यामुळे त्याच ताणात त्याची पकड सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट भरते. पट्टा झिजून खोबणीच्या तळास टेकला की पाचरीचा गुण नाहीसा होतो. मग कितीही ताण दिला तरी तो घसरणारच. खोबणीचा तळ घासून चकाकू लागला असेल तर हे निदान निश्चित समजावे. राळ लावल्याने काळ्या मातीची धूळ व कापसाचे तंतू पट्ट्यास चिकटतात, घर्षणाने उष्णता वाढते व रबर लवकर कडक होऊन तडकते. वैशाखातील खानदेशी उन्हाची त्यात भर पडते.

परंतु घसरणारा प्रत्येक पट्टा स्वतः दोषी असतोच असे नाही. टिलरच्या बऱ्याच नमुन्यांत क्लच व ब्रेक यांस एकच दांडा असतो. तो ओढला असता प्रथम क्लच सुटतो व आणखी ओढला असता ब्रेक लागतो. बसून चालविण्याच्या गवतकापणी यंत्रांपैकी अनेकांतही तत्त्व हेच आहे. तेथे एकच पायपट्टी ताणकप्पी सैल करते व ब्रेकही आवळते. अशा जोडरचनेत ब्रेककडे जाणारी सळई गरजेपेक्षा आखूड झाली, तर दांडा 'चालू' स्थितीत असतानाही ब्रेक किंचित लागलेला राहतो. इंजिनास मग नांगरटीच्या जोडीला ब्रेकचाही भार ओढावा लागतो, आणि या ओढाताणीत पट्टा घसरतो. मालक पट्टा आवळतो. तो पुन्हा घसरतो. अखेर नवा पट्टा येतो व तोही फार दिवस टिकत नाही. अतिताणाने दरम्यान इंजिनाच्या दंडाचे बेअरिंग झिजते, ही हानी पट्ट्याच्या किमतीहून कितीतरी मोठी.

म्हणून तपासणीचा क्रम उलटा असावा. सपाट जागी ट्रॉली सोडून यंत्र काही वेळ भाराविना चालवावे, इंजिन बंद करावे व हात जवळ नेऊन उष्णता अजमावावी. कप्पीची कड तापली असेल तर पट्टा घसरतो आहे. क्लचचे आवरण तापले असेल तर क्लच. आणि ब्रेकची बाजूच तापली असेल तर सळईची लांबी आधी दुरुस्त करावी. पट्ट्याकडे त्यानंतर वळावे. दोन कप्प्यांमधील अंतराच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे १६ मिलिमीटर दबेल इतका ताण हा सर्वसाधारण नियम आहे. उत्पादकाच्या पुस्तिकेत निराळा आकडा असल्यास तोच प्रमाण मानावा. पट्टे अनेक असतील तर ते एकदमच बदलावेत, कारण जुन्यांत एक नवा घातला की सारा भार त्या एकट्यावर येतो.

ब्रेक सैल राहिल्यास धोका याहून गंभीर आहे. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी, तसेच साक्रीच्या डोंगराळ भागात उतारावर भरलेली ट्रॉली उभी करण्याचा प्रसंग येतो. दहास एक अशा उतारावर १५०० किलोग्रॅमचे ओझे सुमारे १५० किलोग्रॅमच्या ओढीने खाली येऊ पाहते. पुष्कळ चालक गिअर घालून निर्धास्त होतात. तेथे यंत्रास धरून ठेवणारी शक्ती म्हणजे सिलिंडरातील दाब. तो चाकांपर्यंत पोहोचतो क्लच व पट्टा यांच्याच मार्गे. पट्टा सैल असेल तर ही धरणूक मुळातच नाही, आणि दांडा ओढून क्लच सोडलेला असेल तर गिअर घालणे निरर्थक होय. शिवाय एकसिलिंडरी इंजिनातील दाब झडपा व कडी यांतून हळूहळू गळतो. म्हणूनच यंत्र प्रथम स्थिर वाटते व चालक दूर गेल्यावर सरकू लागते.

यास्तव ब्रेकची परीक्षा सौम्य उतारावर, रिकाम्या यंत्रानिशी, मोकळ्या जागी व एक माणूस दांड्याशी उभा ठेवून करावी. इंजिन बंद, गिअर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आणि दांडा ब्रेकच्या खाचेत असता यंत्र जागचे हलता कामा नये. दांडा अगदी शेवटपर्यंत ओढावा लागत असेल तर आतील अस्तर झिजले आहे असे समजावे. अशा वेळी सळई आवळत राहणे म्हणजे दोष पुन्हा पट्ट्यावर ढकलणे होय. ट्रॉलीस स्वतंत्र पायब्रेक असल्यास तोही लावावा, आणि उतारावर चाकांखाली लाकडी ठोकळे घातल्यावाचून मालाची चढउतार सुरू करू नये. पट्ट्यावरील जाळी मात्र कोणत्याही तपासणीत इंजिन चालू असताना काढू नये. धोतराचा सोगा किंवा उपरण्याचे टोक आत ओढले जाण्यास क्षणही लागत नाही.