धानाला शिक्का मारता येत नाही

बल्लारपूरच्या लाकडाच्या डेपोत पहिल्यांदा गेलेला माणूस सागाच्या ओंडक्यांची लांबी आणि जाडी पाहून थक्क होतो. माझे लक्ष मात्र नेहमी ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडाकडे जाते. तिथे काही आकडे असतात आणि हातोड्याने ठोकलेला शिक्का असतो. आलापल्लीच्या जंगलात झाड उभे असतानाच त्याला क्रमांक मिळालेला असतो. एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी खाली, बुंध्याशी. झाड पडले तरी खालचा क्रमांक आणि शिक्का खुंटावर तसाच राहतो. ओंडके पाडले की प्रत्येकावर झाडाचा क्रमांक आणि त्याखाली ओंडक्याचा क्रमांक घालायचा, लांबी आणि मधला घेर वहीत लिहायचा. ट्रक निघताना वाहतूक परवान्यावर हेच सारे उतरते, नाक्यावर ताडून पाहिले जाते आणि डेपोत माल उतरला की पुन्हा टेप लागतो. कोणाला शंका आलीच, तर डेपोतल्या ओंडक्यापासून उलट पावली थेट जंगलातल्या खुंटापर्यंत जाता येते. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथले सागवान मिरवणुकीने निघाले, तेव्हा सगळ्यांनी टीव्हीवर पूजा पाहिली. मी लाकडांवरचे आकडे दिसतात का ते शोधत होतो. बँकेतल्या नोकरीची खोड, दुसरे काय!

झाड तोडते जंगल कामगारांची सहकारी संस्था, वाहून आणतो ठेकेदाराचा ट्रक; माल मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकारचा. १९२७ चा वन कायदा या बाबतीत फार कडक आहे. एखादे वनोपज कोणाचे असा वाद उठला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच धरायचे, असे तो सांगतो. शिक्का खोटा मारणाऱ्याला किंवा खोडणाऱ्याला त्यात वेगळी शिक्षा आहे. एवढे करून लाकूड चोरीला जात नाही असे नव्हे, ते जातेच. पण चोरी झाली तर खुंट साक्षीला उभा असतो.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, याच चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत सरकारचा आणखी एक माल दर हिवाळ्यात परक्याच्या हाती दिला जातो, आणि त्याच्या अंगावर असा कुठलाही शिक्का नसतो. तो माल म्हणजे धान.

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि पलीकडे आरमोरी, देसाईगंज (याला आम्ही सारे वडसाच म्हणतो), कुरखेडा हा सगळा तलावांचा आणि धानाचा मुलूख. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेले एचएमटी हे वाण आता देशभर पिकते. तसले बारीक धान व्यापारी उचलतो. जाडे धान हमीभावाने सरकार घेते. आदिवासी भागात ही खरेदी आदिवासी विकास महामंडळाची. गावपातळीवर तिच्या वतीने माप घेते ती आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था, म्हणजे बोलीतली ‘आविका’. इतरत्र हेच काम मार्केटिंग फेडरेशन करते. शेतकऱ्याने धान काट्यावर टाकले, पावती घेतली, की त्या क्षणापासून ते धान सरकारचे झाले. पण सरकारला धान नको असते, तांदूळ हवा असतो. म्हणून ते राईस मिलवाल्याला भरडायला दिले जाते. मिलवाल्याने शंभर किलो धानामागे सदुसष्ट किलो तांदूळ सरकारी गोदामात जमा करायचा. कोंडा, तूस, वरची कणी त्याची. मग तो तांदूळ रेशन दुकानात जातो.

मधल्या काळात, म्हणजे धान मिलच्या आवारात उतरल्यापासून तांदूळ गोदामात चढेपर्यंत, मालक एक आणि ताबा दुसऱ्याचा. एका ट्रकमध्ये दोनशे क्विंटल धान धरले, तर ४० किलोच्या ५०० गोण्या झाल्या. २०२४-२५ च्या हंगामातला हमीभाव होता साध्या धानाला क्विंटलमागे २,३०० रुपये. त्या हिशेबाने एका ट्रकचे ४ लाख ६० हजार रुपये होतात. एकेका मिलमध्ये असे कितीतरी ट्रक उतरतात.

या व्यवहाराशी माझा संबंध आला तो नव्वदच्या दशकात, या भागातल्या एका शाखेत असताना. राईस मिलला बँक कर्ज देते ते मालावर. माल मिलवाल्याच्याच ताब्यात राहतो, बँकेने फक्त महिन्याला येऊन पाहून जायचे. मराठीत याला फार नेमका शब्द आहे, नजरगहाण. तेव्हा महिन्यातून एकदा वही घेऊन मिलमध्ये जायचे, थप्प्या मोजायच्या (आमच्याकडे हमाल थप्पीला छल्ली म्हणतात), आणि मिलवाल्याने दिलेल्या मालाच्या तक्त्याशी ताळा घालायचा. मोजणी म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. शहाणा अधिकारी मात्र थप्पीवर चढून मधल्या दोन-चार गोण्या उचलायला लावतो, कारण बाहेरून धान आणि आतून तुसाच्या गोण्या ही युक्ती फार जुनी आहे. त्याहून जुनी युक्ती म्हणजे आतून पोकळ थप्पी.

पण खरी अडचण गोण्या मोजण्याची नव्हती. एका मिलमध्ये मी विचारले, “यातलं सरकारी कोणतं आणि तुमचं कोणतं?” तिथले म्हातारे दिवाणजी शांतपणे म्हणाले, “ह्या भिंतीकडचं सरकारी होय जी, अन् दरवाज्याकडचं शेठजीचं. पण साहेब, फळ्यावरचं नाव पुसलं तर धान काही सांगणार नाही का मी कोणाचं हाय म्हणून.” दोन्ही थप्प्या सारख्या. दोन्हींवर ज्यूटचा तोच बारदाना. बँकेच्या दृष्टीने भिंतीकडची थप्पी शून्य किमतीची. सरकारच्या दृष्टीने दरवाज्याकडची. एकच थप्पी सोमवारी सरकारच्या माणसाला आणि गुरुवारी बँकेच्या माणसाला दाखवली, तर दोघेही समाधानाने चहा पिऊन परत जातील.

कायद्याने या स्थितीचा विचार केलेला नाही असे नाही. १८७२ च्या करार कायद्यात ‘निक्षेप’ म्हणून प्रकरण आहे. दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने साधा शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेतो तेवढी काळजी घेतली पाहिजे, असे कलम १५१ सांगते. पुढे कलम १५५ ते १५७ मध्ये एक मजेदार विषय आहे: सांभाळायला दिलेला माल सांभाळणाऱ्याने स्वतःच्या मालात मिसळला तर काय? परवानगीने मिसळला असेल तर दोघांचा आपापल्या वाट्यापुरता हक्क. परवानगीशिवाय मिसळला आणि वेगळा करता येत असेल, तर वेगळा करण्याचा खर्च त्याचा. वेगळा करता येतच नसेल, तर मूळ मालकाला भरपाई. बँकेच्या परीक्षेसाठी ही कलमे पाठ केली तेव्हा ती कोरडी वाटली होती. वडशाच्या बाजूला मिलच्या आवारात उभे राहिल्यावर वाटले, ज्याने ती लिहिली त्याने धानाचा ढीग पाहिलेला असावा.

मग सरकार आपल्या मालावर नजर ठेवते कशी? कागदाने. धान उचलण्याआधी मिलवाला बँकेची हमी देतो. त्याला उचल आदेश मिळतो. मिलवाले त्याला ‘डीओ’ म्हणतात. त्याच्या वहीत तारीख, डीओचा क्रमांक, ट्रकचा क्रमांक, गोण्या आणि वजन लिहायचे. भरडले किती, तांदूळ निघाला किती, गोदामात जमा किती, पोचपावती कोणती, शिल्लक किती, हेही तिथेच. तांदळाच्या गोणीवर मिलचे नाव, हंगामाचे वर्ष आणि लॉटचा क्रमांक छापायचा. वरवर पाहता काही कमी नाही. पण यातला एकूण एक आकडा ज्याच्याकडे माल आहे तोच लिहितो. तपासणारा आला तर वही थप्पीशी जुळते की नाही एवढेच पाहतो; ती थप्पी त्याच धानाची आहे का, हे त्याला कळायला मार्ग नाही.

वाहनांचे क्रमांक ताडून पाहिले तर बरेच काही बाहेर येते. २०१५ साली देशाच्या महालेखापरीक्षकांनी धान खरेदी आणि भरडाईवर अहवाल दिला. त्यात अनेक राज्यांतल्या कागदांवर धान वाहणारे ट्रक म्हणून जे क्रमांक नोंदवले होते, त्यांतले काही परिवहन खात्याच्या दप्तरात मोटारी आणि मोटरसायकली निघाले. बिहारच्या चारा घोटाळ्यात स्कूटरवरून जनावरे नेल्याचे वाचून आपण हसलो होतो. तिथे जनावर स्कूटरवर, इथे धान मोटरसायकलवर. आता वाहनांवर जीपीएस आले आहे, मिलचे विजेचे बिल आणि भरडाई यांचा मेळ घालून पाहिला जातो. ही विजेच्या बिलाची कल्पना मला फार आवडते. वही खोटे बोलेल, मीटरला ते सहसा जमत नाही.

मिलवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. त्यांचे म्हणणे असे की, सदुसष्टचा आकडा दिल्लीत ठरतो आणि धान कोरचीच्या उन्हात महिनोन्महिने पडून असते. उघड्यावर तापलेले, अवकाळी पावसाने भिजून पुन्हा वाळलेले धान मिलमध्ये तुटते. कणी जास्त पडते, तांदूळ कमी भरतो. केंद्राचा भरडाईचा दर क्विंटलमागे दहा रुपये. राज्य त्यात भर घालते, पण किती, यावर दर हंगामात ओढाताण होते आणि तोवर उचल थांबते. उचल थांबली की धान आणखी तापते. माझ्या मते सगळ्या भानगडीचे मूळ इथे आहे. ज्याच्या मिलमधून खरोखर बासष्टच निघाले, त्याने वरचे पाच आणायचे कुठून? बाजारातून. आणि बाजारातला सगळ्यात स्वस्त तांदूळ कोणता? रेशनच्या दुकानातून मागल्या दाराने निघालेला. तोच तांदूळ नव्या गोणीत शिरतो आणि सरकारी गोदामात ‘नवा’ म्हणून परत जमा होतो. लबाड माणूस तर पाचावर थांबत नाही. चांगले धान विकून सगळेच जुन्या तांदळाने भरून काढतो. गोंदियाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये आणि मंडल्यात २०२० साली केंद्राच्या पथकाने गोदामांतले तांदळाचे नमुने घेतले, तेव्हा ते माणसांच्या नव्हे, कोंबड्या-जनावरांच्या खाण्याच्या लायकीचे निघाले. वहीत तो तांदूळही बरोबरच असला पाहिजे. वजन भरले होते ना!

अलीकडे मात्र तांदळाचे वय ओळखण्याची एक सोपी पद्धत गोदामांत आली आहे. तांदळाच्या दाण्यावर उरलेल्या कोंड्यात थोडी चरबी असते; दिवस जातात तशी ती बिघडते आणि आम्लता वाढते. नमुन्यावर दोन रंगद्रव्यांचे मिश्रण टाकले की नुकताच भरडलेला तांदूळ हिरवा दिसतो, काही महिन्यांचा पिवळा आणि त्याहून जुना नारिंगी. ना वही लागते, ना साक्षीदार. तसेच पोषक दाण्यांचे: शंभर किलोत एक किलो लोह आणि जीवनसत्त्वांचे कृत्रिम दाणे मिसळण्याची केंद्राची पथदर्शी योजना २०१९-२० मध्ये आखली गेली, तीत महाराष्ट्रातून गडचिरोली जिल्हा निवडला होता. हेतू पंडुरोग कमी करण्याचा. पण हिशेबनीसाच्या नजरेने पाहिले तर मिसळलेला तांदूळ कोणता आणि न मिसळलेला कोणता हे मूठभर दाण्यांत दिसू लागले. रेशनवर आलेले हे दाणे पाहून ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून गावोगाव ओरड झाली, हा भाग वेगळा.

या सगळ्या साखळीत सगळ्यात जास्त पोळतो तो मात्र मिलवाला नाही आणि अधिकारीही नाही. पोळते ती आविका संस्था. धान घेताना सतरा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. डिसेंबरात सतरा टक्के ओलाव्याचे शंभर किलो धान घेतले आणि उन्हाळ्यात ते तेरा टक्क्यांवर आले, तर कोणी एक दाणाही न चोरता वजन साडेपंच्याण्णव किलोच्याही किंचित खाली येते. त्रैराशिक मांडून पाहावे. ही घट मंजूर घटीपेक्षा जास्त भरली की वसुली संस्थेच्या कमिशनातून. चोराची घट आणि सूर्याची घट एकाच रकान्यात लिहिली जाते, म्हणून चोराला आडोसा मिळतो आणि सरळ माणूस चोर ठरतो.

कुरखेडा तालुक्यातल्या अशाच एका संस्थेचे सचिव मला काही वर्षांपूर्वी भेटले. पन्नाशीचे, बोलायला थोडे. खरेदी सुरू झाली की पहिल्या आठवड्यातल्या दहा गोण्या ते बाजूला काढत, त्यांची तोंडे लाल सुतळीने शिवत आणि मोठ्या थप्पीजवळच, त्याच ताडपत्रीखाली ठेवत. दर महिन्याच्या एक तारखेला त्या दहा गोण्या काट्यावर. शाळेच्या दोनशे पानी वहीत त्यांनी वजने लिहिली होती. डिसेंबरात प्रत्येकी ४० किलो धान आणि वर बारदान्याचे ६०० ग्रॅम, एप्रिलअखेर धान ३८ किलो २०० ग्रॅम. मधल्या पानांवर ‘ताडपत्री फाटली’, ‘रात्री पाऊस’, ‘डुकरे आली, चार गोण्या फोडल्या’, ‘उचलीबाबत वडशाला फोन केला’ अशा तारीखवार नोंदी.

“घटीच्या सुनावणीत ही वही दाखवली का?” मी विचारले.

“दाखवली ना जी. साहेब म्हणाले, वही चांगली हाय, पण फॉर्मात हिच्यासाठी रकानाच नाही.”

“मग?”

“मग काय, झेरॉक्स काढून फॉर्माले टाचून देल्ली. दरसाल देतो. या साली काटा बदलला, नवा इलेक्ट्रॉनिक आणला, तं जुन्या काट्यावरचं वजनही लिहून ठेवलं बाजूले.”

बाहेर आवारात मोठी थप्पी उचलून झाली होती. लाल सुतळीच्या दहा गोण्या तेवढ्या उरल्या होत्या. शेवटच्या ट्रकमध्ये त्या जायच्या होत्या आणि ट्रक अजून आला नव्हता.