डेटाबेस सर्व्हरची मंद डिस्क : निदानाची रीत

बँकेतील व्यवहार, रेल्वेचे आरक्षण किंवा रुग्णालयातील तपासणी यांची कायमची नोंद अखेर कोणत्या तरी डेटाबेस सर्व्हरच्या डिस्कवर होते. त्यामुळे ही डिस्क रेंगाळू लागली की सारा कारभारच अडतो आणि नवी, अधिक वेगवान डिस्क घेण्याचा विचार सर्वांत आधी पुढे येतो. डिस्क खरोखरच मंद आहे की तिच्यावर अनावश्यक काम लादले जात आहे, हे मात्र मोजल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि ते न ठरवता केलेला खर्च मूळ दोष झाकून ठेवतो.

डिस्कचा वेग कामाच्या स्वरूपावर अवलंबून असतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो आणि शीर्ष योग्य ठिकाणी सरकण्यास आणखी ८ ते ९ मिलिसेकंद खर्च होतात. या हिशेबाने विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला जेमतेम ८० वेळा वाचन होते. पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली ८ किलोबाइटच्या ठोकळ्यांत, म्हणजे ‘पानां’त, माहिती ठेवते, तेव्हा सलग वाचनात सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट देणारी हीच डिस्क विखुरलेल्या वाचनात सुमारे ६४० किलोबाइटच देते. फिरते भाग नसलेल्या एसएसडीमध्ये ही अडचण पुष्कळच कमी होते.

लिनक्सवरील आयओस्टॅट ही आज्ञा प्रत्येक मागणी पुरी होण्यास लागलेला सरासरी वेळ आणि ताटकळणाऱ्या मागण्यांची संख्या दाखवते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, सेकंदाला ४०० मागण्या येत असतील आणि सरासरी २० मागण्या प्रलंबित असतील, तर प्रत्येकीला ५० मिलिसेकंद लागतात. मागण्या थोड्या असूनही वेळ फार लागत असेल तर दोष डिस्कमध्ये किंवा तिच्यापर्यंतच्या मार्गात शोधावा; मागण्यांचाच लोंढा असेल तर तो कोठून येतो, हे पाहावे. डिस्क १०० टक्के व्यग्र असल्याचा आकडा मात्र एसएसडीबाबत फसवा असतो, कारण ती एकाच वेळी अनेक मागण्या हाताळते.

वाचनाचा लोंढा पुष्कळदा निर्देशांकाच्या, म्हणजे इंडेक्सच्या, अभावातून येतो. प्रत्येकी २०० बाइटच्या एक कोटी नोंदी असलेल्या तक्त्यात एकच ग्राहक शोधण्यासाठी, निर्देशांक नसल्यास, सुमारे अडीच लाख पाने चाळावी लागतात. निर्देशांक असल्यास चार-पाच पाने पुरतात. येथे डिस्क बदलल्याने विलंब घटेल, पण निरर्थक श्रम तसेच राहतील. वारंवार लागणारी पाने मावण्याइतकी स्मृती, म्हणजे रॅम, सर्व्हरला दिली नसेल तरीही वाचनाचा असाच लोंढा दिसतो.

लेखनाची गोष्ट वेगळी आहे. व्यवहार पक्का झाल्याचे कळवण्यापूर्वी त्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, उतरून डिस्कवर सुरक्षित पोहोचावी लागते, आणि वीज गेली तरी खात्यातील रक्कम चुकू नये यासाठी ही प्रतीक्षा आवश्यकच असते. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड नियंत्रकाच्या, ही नोंद क्षणभर सांभाळणाऱ्या कॅशची, म्हणजे तात्पुरत्या साठ्याची, बॅटरी निकामी झाली, तर बहुतेक नियंत्रक कॅशमधील लेखन थांबवून थेट डिस्कवर लिहू लागतात आणि कालपर्यंत सुरळीत असलेला सर्व्हर एकाएकी मंदावतो. रेड ५ या रचनेत एका छोट्या लेखनासाठी दोन वाचने आणि दोन लेखने, अशी चार कामे करावी लागतात, हेही ध्यानात घ्यावे. वेग वाढवण्यासाठी लॉगची ही खातरजमा बंद करणे मात्र अक्षम्य होय, कारण त्यातून मिळणाऱ्या मिलिसेकंदांची किंमत लोकांच्या नोंदींनी मोजावी लागते.

म्हणून आधी मोजावे, मग वाचन आणि लेखन वेगळे काढावे, एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजावे, आणि अनावश्यक काम दूर केल्यावरही डिस्क अपुरी पडत असेल तरच नवी घ्यावी. अशा क्रमाने घेतलेल्या डिस्कवरचा खर्च सार्थकी लागतो.