घरच्या रेडिओ केंद्राचे दुखणे

यंत्र बिघडले म्हणजे ते आधी आपल्या धीराची परीक्षा घेते आणि मग ज्ञानाची. गोविंदपुऱ्यात राहणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या आश्रयाने हा परिसर वाढला. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी कितीतरी मराठी कुटुंबे येथे रुजली. तरीही गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरच्या लहानशा रेडिओ केंद्राने आम्हांस चांगलाच धडा शिकविला.

घरात बसून दूरच्या माणसाशी रेडिओवरून बोलण्याचे दोन मार्ग आहेत. एक सिटिझन बँड, म्हणजे सत्तावीस मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा. आपल्याकडे २००५ पासून ह्या पट्ट्यातील पाच वॅटपर्यंतच्या, अंगच्या अँटेनाच्या संचास परवाना लागत नाही. पण त्याची हाक फार दूर जात नाही. दुसरा मार्ग हौशी रेडिओचा, ज्यास सारे ‘हॅम’ म्हणतात. त्यासाठी परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याचा परवाना मिळवावा लागतो. हा छंद रिकामटेकड्यांचा नव्हे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानला तडाखा दिला, तेव्हा योगायोगाने पोर्ट ब्लेअरला असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी अशाच संचांवरून बेटांची खबर मुख्य भूमीस पोहोचविली होती.

आमचे प्रयोजन त्या मानाने अगदी साधे आहे. पुण्यास आमचे एक जुने स्नेही आहेत. अर्धांगवायूने त्यांना खोलीबाहेर पडता येत नाही. दर रविवारी सकाळी सात मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर आम्ही दोघे अर्धा तास बोलतो. दूरध्वनी आहेच, पण आपल्या हातांनी उभारलेल्या तारेवरून सहाशे किलोमीटरांवरचा ओळखीचा आवाज यावा, ह्यातील सुख निराळे.

श्रावणातल्या एका रविवारी हे सुख हरपले. स्नेही आम्हांस साद घालीत होते, ती अगदी क्षीण का होईना, ऐकू येत होती. आम्ही परत परत उत्तर देत होतो, ते त्यांना पोहोचत नव्हते. चार-पाच वेळा हाक मारून ते थांबले. “आज प्रकृती बरी नाही की काय तुमची?” असे त्यांनी दुपारी फोनवर विचारले, तेव्हा आम्हांस ओशाळल्यासारखे झाले.

त्या दुपारी आम्ही नवशिक्यास शोभेल अशी चूक केली. संचाचे झाकण उघडले, मायक्रोफोनची तार बदलली, दिसेल तो स्क्रू पिळला. सौ. शांतपणे म्हणाल्या, “कारखान्यात असेच करीत होता का?” प्रश्न वर्मी लागला. आम्ही झाकण लावले आणि कागद-पेन्सिल घेऊन क्रमाने शोध आरंभिला.

पहिला प्रश्न विजेचा. संचास १३.८ व्होल्ट लागतात. नुसता संच चालू असताना मोजून भागत नाही. तो प्रक्षेपण करीत असताना, जोराचा प्रवाह वाहत असताना मोजावे लागते. बारीक तार किंवा सैल जोड असेल तर व्होल्टेज तेव्हाच कोसळते. आमचे अर्ध्या व्होल्टाहून कमी उतरले. वीजपुरवठा निर्दोष ठरला.

दुसरा प्रश्न संचाचा. एरियल काढून त्या जागी पन्नास ओहमचा डमी लोड जोडला. हा शक्ती पिऊन टाकतो, बाहेर जाऊ देत नाही. मापकाने पुरे शंभर वॅट दाखविले. संचही निर्दोष!

तिसरा प्रश्न एरियलचा. शक्ती परत फिरते की काय, हे सांगणाऱ्या एसडब्ल्यूआर मापकाने १.२ दाखविले. तीनचा आकडा आला असता तर चौथा हिस्सा शक्ती परत फिरते असे समजलो असतो, १.२ म्हणजे उत्तमच. सारे ठीक, आणि आवाज मात्र जात नाही!

येथे आम्हांस एक गोष्ट आठवली. गोविंदपुऱ्यात वेल्डिंगची यंत्रे, मोटारी आणि विजेच्या तारा ह्यांची खरखर पट्ट्यावर सदैव असते. त्या सकाळी ती जवळजवळ नव्हतीच. रविवार म्हणून कारखाने बंद असतील, असे समजून आम्ही खूशही झालो होतो. पण खरखर आणि मित्राचा आवाज दोन्ही एकदम मंदावले, म्हणजे वाटेतच कोणी तरी दोन्ही गिळीत होते. ती वाट म्हणजे केबल.

पाऊस उघडल्यावर डमी लोड आणि मापक घेऊन गच्चीवर गेलो. केबलचे वरचे टोक एरियलपासून सोडवून तेथे मोजले. खाली शंभर वॅट शिरत होते, वर जेमतेम पंधरा पोहोचत होते. प्लगावरची चिकटपट्टी उन्हाने तडकली होती. तेथून शिरलेले पाणी जाळीच्या तारांतून झिरपत खाली आले होते. केबल सोलताच आत तांबे काळेहिरवे पडलेले दिसले. परत फिरणारी शक्तीही हीच केबल गिळीत असल्याने मापकाची सुई निर्दोषपणाची खोटी साक्ष देत होती.

उपाय फार खर्चाचा नव्हता. केबल नवी घातली. प्लगास नीट डाख दिला. त्यावर एकजीव होणारी रबरी पट्टी गुंडाळली. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तेथूनच गळून पडते. हे सारे दर वर्षी मृगापूर्वी तपासावे. ढग गडगडू लागले की एरियलची केबल संचापासून काढून घराबाहेर ठेवावी, आणि एरियलची तार विजेच्या तारांच्या जवळपासही नेऊ नये. येथे हयगय जिवावर बेतते.

पुढच्या रविवारी खरखर पूर्ववत होती. आयुष्यात प्रथमच ती आम्हांस गोड वाटली. तिच्यातून पुण्याचा आवाज स्पष्ट उमटला, “आज खणखणीत येताय!” आम्ही काही क्षण बोललोच नाही. मग हवापाण्याच्या नेहमीच्या गोष्टी सुरू झाल्या.